तीन बाजूंचे खांब

सुधीरचा फोन आला तेव्हा मी गच्चीत कोकमाची सोलं उन्हात पसरत होते. सुधीर म्हणजे माझ्या मैत्रिणीचा, सुरेखाचा, धाकटा भाऊ. त्याचा फोन एरवी कामापुरता असायचा. औषध आणायला शहरात आलोय, तुमच्याकडून काही न्यायचंय का, एवढंच. त्या दिवशी मागे कोणीतरी भांडी हलवल्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "वीणाताई, ताई गेली. सावकाश या. आता घाई कशाला." मी हातातलं सूप खाली ठेवलं आणि तिथेच कठड्याला टेकून बसले. बातमी अनपेक्षित नव्हती. गेलं वर्षभर आम्ही दोघंही या फोनची वाट पाहत होतो म्हटलं तरी चालेल... पण 'आता घाई कशाला' हे शब्द मात्र मला पेलवेनात. कारण सुरेखाच्या आयुष्यात बाकी सगळं उशिरा आलं, आणि जे लवकर यायला नको होतं तेवढं वेळेआधी आलं.

आमची ओळख शाळेतली. मी मराठी शिकवायचे आणि ती चित्रकला. मी नोकरीला लागून काही वर्षं झाली होती तेव्हा ती आली. भाट्याच्या खाडीपलीकडे तिचं घर. वडिलांची मासेमारीची होडी होती. चित्रकलेचा डिप्लोमा करायला ती मुंबईला गेली, आणि शिक्षण झाल्यावर तिथेच एका नेपथ्यकाराच्या हाताखाली काम करू लागली. नाटकासाठी वाडे, चाळी, दिवाणखाने उभे करणाऱ्या त्या कारखान्यातलं एक वर्ष हे तिच्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं वर्ष होतं, असं मला वाटतं. ती तसं कधी म्हणाली नाही. पण भुशाचा, सरसाचा वास आला की तिचा चेहरा बदलायचा. पुढे वडिलांना अर्धांगाचा झटका आला. आई आधीच गेलेली, सुधीर शाळेत. ती परत आली. त्या नेपथ्यकाराने म्हणे निरोप पाठवला होता की वडील बरे झाले की ये, तुझी जागा ठेवतो. वडील बरे झाले नाहीत आणि लवकर गेलेही नाहीत. ती आमच्या शाळेत लागली, आणि जागा राहिली तिकडेच.

शाळेत ती शांत असायची. मुलांना फुलदाणी आणि तीन आंबे काढायला लावायची, वह्या तपासायची, घरी जायची. ती खरी कोण आहे हे आम्हांला कळलं ते एका स्नेहसंमेलनाच्या वेळी. शाळेचे जुने रंगवलेले पडदे आणि लाकडी चौकटी होत्या. त्या ज्या खोलीत ठेवलेल्या, तिचं छप्पर गळून सगळं कुजून गेलं. मुख्याध्यापकांनी जाहीर केलं की यंदा मागे निळा पडदा लावा आणि नाटक उरका. नाटक मी लिहिलेलं होतं. एका गावातली विहीर रुसून निघून जाते आणि मुलं तिला शोधायला रानात, बाजारात, समुद्रावर फिरतात, अशी गोष्ट. इतक्या जागा निळ्या पडद्यावर कशा दाखवणार, म्हणून मी वैतागून शिक्षकांच्या खोलीत बसले होते. सुरेखा समोर चहा पीत होती. तिने विचारलं, "तुमच्या ओळखीत कोणी नवीन फ्रिज घेतलाय?"

मला वाटलं ती विषय बदलतेय.

पुढचे काही दिवस आम्ही दोघी घरोघर फिरलो. फ्रिजची, कूलरची, टीव्हीची मोठी खोकी आम्ही मागून आणली. सोबत जुन्या साड्या, फाटक्या चादरी, वर्तमानपत्रांची रद्दी, तेलाचे रिकामे डबे, मोडक्या आंब्याच्या पेट्या. गणपतीआधी घरं रंगवून झाली की डब्यात थोडा थोडा रंग उरतोच, ते डबे. लोकांना आधी हसू यायचं, मग माळ्यावरून आणखी काहीबाही काढून द्यायचे. सुरेखा मागताना लाजत नव्हती. जी बाई शिक्षकांच्या बैठकीत तोंड उघडायची नाही, ती अनोळखी घराच्या पडवीत उभी राहून सांगायची की तुमच्याकडे जे टाकायचं असेल ते मला दाखवा.

मग चित्रकलेच्या वर्गात काम सुरू झालं. खोक्याच्या चार बाजूंपैकी एक ती कापून काढायची आणि उरलेल्या तीन एकमेकींना टेकवून दाभणाने सुतळीचे टाके घालायची. झाला तीन बाजूंचा, पुरुषभर उंचीचा खांब. कापून काढलेल्या चौथ्या बाजूचे तिकोनी तुकडे आत आडवे बसवले की तो ताठ उभा राहायचा आणि तुकडे काढले की घडी होऊन सपाट. वरून जुन्या साडीचं कापड आणि त्यावर वर्तमानपत्राचे थर, खळीने चिकटवलेले. खळीत ती मोरचूद घालायची, म्हणजे कागदाला कीड लागत नाही. खांब पडू नये म्हणून तळाशी तेलाच्या डब्यात जांभ्या दगडाचे तुकडे. खांबाच्या एका बाजूला रान रंगवलं, दुसरीवर घराची भिंत. सगळे खांब एकदम फिरवले की रानाचं घर व्हायचं. तिसऱ्या बाजूला तिने नुसता काळा रंग दिला. मी विचारलं, इथे काय काढणार? ती म्हणाली, "मी नाही काढणार. मुलं काढतील, खडूने. त्यांना जिथे जायचं असेल ते."

नाटकाच्या दिवशी विहीर शोधायला निघालेल्या मुलांनी भर रंगमंचावर, प्रेक्षकांसमोर, त्या काळ्या बाजूंवर समुद्र काढला. एकाने होडी काढली, एकीने मासा काढला तो होडीपेक्षा मोठा. समोर बसलेली माणसं आधी हसली आणि मग माना उंच करून पाहू लागली. मी विंगेतून सुरेखाकडे पाहिलं. ती खाली बसून एका खांबाचा डबा हातांनी धरून होती, सरकू नये म्हणून. तिला समोरचं काहीच दिसत नव्हतं, आणि तरी ती हसत होती.

त्या खांबांची नंतर बरीच वर्षं चांगली गेली. दरवर्षी नाटक वेगळं, खांब तेच. रंगाचा एक हात दिला की राजवाडा, दुसरा दिला की एसटी स्टँड. गावातल्या हौशी नाट्यमंडळानेही एकदा नाट्यस्पर्धेसाठी तिला बोलावलं. तिने त्यांच्यासाठी मोठे खांब केले, पेट्यांच्या पायऱ्या केल्या, छत्रीच्या काड्यांचं झुंबर केलं. प्रयोग चांगला झाला. पण परीक्षकांपैकी कोणीतरी नंतर चहा पिताना म्हणालं की नाटक उत्तम होतं, ती खोकी तेवढी नको होती. पुढच्या वर्षी मंडळाने कोल्हापूरहून ट्रकभर नेपथ्य मागवलं. सुरेखाला कोणी काही सांगितलं नाही. तिने तिकीट काढून तो प्रयोग पाहिला. बाहेर आल्यावर मला म्हणाली की दरवाजाची चौकट सुंदर होती, खऱ्या सागाची वाटत होती. त्यानंतर मंडळाचा विषय तिने काढला नाही.

ती निवृत्त झाली तोवर शाळेतही काळ बदलला होता. संमेलनाचा मागचा पडदा आता फ्लेक्सवर छापून येऊ लागला होता. मोबाईलवरून चित्र पाठवायचं, संध्याकाळी गुंडाळी घेऊन यायची. किल्ला हवा तर किल्ला, चंद्र हवा तर चंद्र. तो फाटत नाही, भिजत नाही, आणि त्यासाठी कोणाच्या दारात जुन्या साड्या मागायला उभं राहावं लागत नाही. तिच्या जागी आलेल्या तरुण शिक्षकाने खांब तिला परत नेता का म्हणून विचारलं, खूप आदराने विचारलं. खोली मोकळी हवी होती. ती हो म्हणाली.

सुधीरचा जेटीवर बर्फ पोचवायचा टेम्पो होता. त्या टेम्पोतून खांब खाडीपलीकडे गेले, आणि पुढची काही वर्षं त्याच टेम्पोतून ते जिल्ह्यात फिरले. कल्पना सुरेखाचीच. लहान गावांतल्या शाळांकडे ना फ्लेक्सला पैसे, ना रंगमंच. तिथे आपण जाऊ, दिवसभर थांबू, मुलांकडून नाटक बसवून घेऊ आणि खांब कसे करायचे ते शिक्षकांना शिकवून येऊ. मीही निवृत्त झाले होते. आम्ही वेळणेश्वरकडे गेलो, दाभोळच्या बाजूला गेलो, देवरुखच्या वरच्या डोंगरातल्या वाड्यांवर गेलो. टेम्पोला मासळीचा वास कायमचा बसलेला, तो खांबांनाही लागला. एका गावात राजा झालेल्या मुलाने सिंहासनावर बसताच नाक मुरडून सांगितलं की माझ्या महालात बांगडे शिजतायत. सगळा वर्ग लोळून हसला. सुरेखाही पोट धरून हसली. तिला असं हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं.

शिक्षक मनापासून ऐकायचे, फोटो काढायचे, आमच्याबरोबर जेवायचे. एकाही शाळेने पुढे स्वतःचा खांब केला नाही. सुरेखा फोन करून विचारायची. उत्तरं ठरलेली असायची. परीक्षा आहेत, माहिती भरून पाठवायची आहे, बदली झाली. ती रागावत नसे. फोन ठेवून एवढंच म्हणायची की त्यांनाही किती कामं असतात.

तिच्या हाताचं आधी माझ्याच लक्षात आलं. ती कटर धरून खोकं कापत होती आणि रेघ वाकडी गेली. सुरेखाची रेघ वाकडी जात नसे, पट्टीशिवायही नाही. काही महिन्यांनी चहाचा कप बशीवर वाजू लागला, आणि मग डॉक्टरांनी नाव सांगितलं. कंपवात. औषधांनी थोडं थांबेल, मागे फिरणार नाही. रिक्षातून घरी येताना खाडीचा पूल आला तेव्हा तिने मला विचारलं की तुला दाभण चालवता येईल का. मी म्हटलं, तू सांग, मी करीन. आणि मी केलंही, म्हणजे प्रयत्न केला. ती खुर्चीत बसून सांगायची, मी कापायचे, टाके घालायचे. माझे खांब कलायचे. कापलेली कड करवतीसारखी यायची. ती खूप वेळ बघत राहायची, उजवा हात डाव्या हाताने दाबून धरून. एके दिवशी म्हणाली, "राहू दे वीणा. तुझा दोष नाही. मला ते कसं करायचं ते माहीत आहे म्हणूनच बघवत नाही." त्यानंतर नवीन खांब झाला नाही.

शेवटचा खेळ देवरुखच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका गावी झाला. पावसाळ्यात जिथे एसटी वर चढत नाही, असं गाव. पुरुषमाणसं मुंबईला आणि पुष्कळ घरांतली बायकामुलंही त्यांच्यामागे गेलेली. शाळेत एकच शिक्षिका, गुरव बाई, आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी मुलं. आम्ही विहिरीचं नाटक केलं. मुलं इतकी थोडी होती की खांब फिरवणारी मुलंच धावत पुढे येऊन संवाद म्हणत होती, प्रेक्षक म्हणून चार-दोन म्हातारी माणसं. काळ्या बाजूवर खडूने जिथे जायचंय ते काढा असं सुरेखाने सांगितलं, तेव्हा बहुतेक सगळ्यांनी मोठ्या मोठ्या इमारती काढल्या. एका मुलीने तर खाली 'विरार' असं लिहिलंसुद्धा. गुरव बाई मला हळूच म्हणाल्या की हिच्या वडिलांनी तिकडे खोली घेतलीय, जूनला ही जाणार.

खेळ झाल्यावर सुधीर खांबांच्या घड्या घालू लागला तर सुरेखाने त्याला थांबवलं. ती गुरव बाईंना म्हणाली, "हे इथेच राहू देत. मला आता फिरवणं होणार नाही. तुमची मुलं वापरतील." बाईंना भरून आलं. त्यांनी मनापासून सांगितलं की आम्ही जपू.

पुढच्या जूनमध्ये ती शाळा उघडलीच नाही. उरलेल्या मुलांची नावं खालच्या गावातल्या शाळेत घातली आणि गुरव बाईंना दुसरीकडे पाठवलं. त्यांनी स्वतः सुरेखाला फोन करून सांगितलं, आणि सांगताना त्याच रडत होत्या. सुरेखाने त्यांचीच समजूत काढली. मग विचारलं की खांब? बाई म्हणाल्या की वर्गातच आहेत, कुलपात. सुधीर पाऊस संपल्यावर आणायला जाणार होता. पण त्याच सुमारास सुरेखा न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्यानंतर तिचं जग एका खाटेएवढं झालं. घरातल्या सगळ्यांचे दिवस तिला उठवण्या-बसवण्यात जाऊ लागले. डोंगरावरच्या एका बंद शाळेतून पुठ्ठ्याचे खांब आणायचे हे मग कोणाच्याच डोक्यात राहिलं नाही. तिने आठवण करून दिली नाही.

तिला भेटायला मी आठवड्यातून एकदा तरी जायचे. तिचं बोलणं हळूहळू पुसट होत गेलं, कान जवळ न्यावा लागायचा. चेहऱ्यावरचे भाव गेले होते, त्यामुळे ती दुःखी आहे की नुसती थकली आहे ते कळायचं नाही. गेल्या एप्रिलमध्ये गेले तर पडवीत फ्रिजचं नवं कोरं खोकं उभं होतं. सुधीरने फ्रिज घेतला होता. मला वाटलं, निदान हे पाहून तिचे डोळे लुकलुकतील. म्हणून मी तिची खाट थोडी वळवून घेतली, दारातून तिला खोकं दिसेल अशी. म्हटलं, बघ, केवढं मोठं आहे, एक खांब सहज होईल. तिने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ओठ हलले, म्हणून मी वाकले.

"भंगारवाल्याला दे," ती म्हणाली. "भिजेल उगाच."

तिने मान भिंतीकडे वळवली. ती आमची शेवटची भेट; पुढच्या आठवड्यातच सुधीरचा फोन आला. जी बाई आयुष्यभर लोकांच्या माळ्यावरचं टाकाऊ सामान दोन्ही हातांनी उचलून आणायची, तिने स्वतःच्या दारात आलेलं खोकं परत पाठवलं. ती खचली होती असं मी म्हणणार नाही. तिने हिशेब पुरा करून पाटी पुसली होती. मला मात्र अजून तसं करता येत नाही.

दिवसकार्य झाल्यावर सुधीर म्हणाला की पावसाआधी ते खांब घेऊन येऊ. बर्फाचा टेम्पो घेऊन आम्ही सकाळी निघालो. गावात पोचलो तर रस्त्यात एक कुत्रं तेवढं उठून बघायला आलं. शाळेची किल्ली शेजारच्या घरातल्या तात्यांकडे होती. तात्या सत्तरीपुढचे, घरात ते आणि त्यांची बायको दोघंच. त्यांनी आम्हांला ओळखलं. म्हणाले की माझा नातू झाडाच्या पाठी उभा होता तुमच्या नाटकात, आता मुंबईस असतो, फोनवर सांगतो अजून. सुरेखा गेल्याचं सांगितल्यावर त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरली.

कुलूप उघडलं. आत कौलातून उन्हाचे कवडसे पडले होते आणि खांब भिंतीपाशी ओळीने उभे होते. घडी न घालता, जसेच्या तसे. रान आमच्याकडे तोंड करून होतं. क्षणभर माझ्या मनात आलं की काही झालेलं नाही. सुधीर पुढे झाला आणि त्याने पहिल्या खांबाला हात घातला. हात आत गेला. खांब आवाजही न करता खाली बसला. वाळवीने आतला पुठ्ठा सगळा खाऊन टाकला होता. मोरचूद घातलेल्या खळीचा वरचा कागद तेवढा तिने सोडला होता, आणि तो रंगवलेला कागदच इतके महिने आपला आपण उभा होता. दुसऱ्याला त्याने बोटच लावलं, तोही तसाच गेला. उरलेल्यांना त्याने हात लावला नाही. तात्यांनी केरसुणी आणली आणि आम्ही तिघांनी मिळून सगळी माती आणि कागद मागच्या बाजूला नेऊन टाकला. तेलाच्या डब्यांतले जांभ्याचे तुकडे तात्या म्हणाले ठेवा, कुंपणाच्या गडग्याला लागतील.

वर्ग झाडून झाल्यावर जमीन दिसली. लादीवर पांढऱ्या ऑइलपेंटने त्रिकोण काढलेले होते. खांब कुठे उभे करायचे त्याच्या खुणा, मुलांना पुन्हा पुन्हा मापायला लागू नये म्हणून. एकही रेघ सरळ नव्हती. प्रत्येक रेघ निघाल्यापासून पोचेपर्यंत थरथरत गेली होती, मध्येच तुटून पुन्हा सुरू झाली होती, कोपऱ्यात रंग सांडला होता. सुधीर उकिडवा बसला. म्हणाला, "हे तिनं स्वतः काढलंन, खेळाच्या दिवशी, तुम्ही बाहेर होतात तेव्हा. मी पट्टी देत होतो, तर नको म्हणून सांगितलंन."

तात्या दारात केरसुणी घेऊन उभे होते. त्यांनी विचारलं, "ह्या घासून काढायच्या काय?" आणि आम्ही काही बोलायच्या आधीच स्वतःशी म्हणाले की कशाला, दिवाळीनंतर कौलं उतरवायचीच आहेत, मग भिंती, मग जमीनसुद्धा कोण ठेवतोय.

आम्ही बाहेर आलो. तात्यांनी दार ओढून घेतलं, कुलूप लावलं, आणि ते नीट लागलं की नाही हे खेचून पाहिलं.